बातमी तुमच्याबद्दलची, तुमची नव्हे

पेपरात आपल्याबद्दल काही छापून आलं की आपल्याकडे त्याचं कात्रण होतं. मिसळीच्या हॉटेलात गल्ल्यामागच्या भिंतीवर लॅमिनेट केलेलं पुरवणीचं पान दिसतं, क्लासच्या जिन्यात गुणवंतांच्या फोटोंशेजारी बातमीची फ्रेम असते, हौशी नाट्यसंस्थेच्या कपाटात परीक्षणांची फुगलेली वही असते. आता तर कात्रीही लागत नाही. ई-पेपर उघडायचा, पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, आपल्या मजकुराभोवती लाल चौकोन ओढायचा आणि चहा होईपर्यंत तो सगळ्या ग्रुपांवर टाकायचा. तिथून तो दुकानाच्या फ्लेक्सवर जातो, माहितीपत्रकात जातो, पैसे भरून चालवलेल्या इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत जातो. ज्याने ती बातमी लिहिली आणि ज्याने तो फोटो काढला, त्यांना या सगळ्यात कोणी काही विचारल्याचं मी फार क्वचित पाहिलं आहे.

विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्यांना विचारायचं, त्या वृत्तपत्रांनी उत्तर देण्याची साधी सोय करायला हवी, हे मतही तितकंच ठाम आहे. कायद्याचं बोट धरणारे पहिल्या वाक्याशी थांबतात आणि दुकानदार, कलावंत, लेखक दुसऱ्यापासून सुरुवात करतात. दोघांचंही म्हणणं अर्धवट राहतं.

"काम माझं, चेहरा माझा, मुलाखतीत बोललो मी, मग परवानगी कसली?" हा प्रश्न भाबडा नाही. पहाटे चारला भट्टी पेटवणारी एखादी बेकरीवाली बाई घ्या. वर्षानुवर्षं तिने हे केलं म्हणून तिची बातमी झाली. वार्ताहर दोन तास येऊन गेला, तिने त्याला चहा पाजला, खारी खाऊ घातली, जुने फोटो काढून दाखवले. मग रविवारी छापून आलेलं पान तिचं नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिचं काय आहे, ते आधी सांगायला हवं. घडलेल्या गोष्टीवर कोणाची मालकी नसते. कल्पना, विषय, घटना यांवर कॉपीराइट चालत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्वच्छ सांगितलं. नाटककार आनंद यांचा आरोप होता की त्यांच्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा सिनेमा उचलला गेला. न्यायालय म्हणालं, विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे. बर्न करारातही दैनंदिन बातम्यांमधल्या निव्वळ माहितीला संरक्षण नाही. तेव्हा 'आमच्या बेकरीवर अमुक दैनिकाच्या रविवार पुरवणीत लेख आला होता' हे वाक्य त्या बाईने पिशवीवर छापावं, पाटीवर रंगवावं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तिची कहाणी तिचीच आहे, ती तिने स्वतःच्या शब्दांत हजार वेळा सांगावी.

तिचं नाही ते एवढंच, की वार्ताहराने त्या दोन तासांतून काय उचललं आणि काय टाकलं, सुरुवात भट्टीपासून केली की तिच्या सासूपासून, मथळा काय दिला. ती मेहनत दुसऱ्याची आहे. दिसायला ती लहान वाटते. पण रोज रात्री आठच्या डेडलाइनला चारशे शब्दांत एखाद्या माणसाचं आयुष्य बसवून पाहिलेल्या कोणालाही विचारा, ती लहान नसते.

याच मुद्द्यावर लंडनमध्ये सव्वाशे वर्षांपूर्वी एक गाजलेला खटला झाला. लॉर्ड रोझबेरी हे ब्रिटनचे माजी पंतप्रधान. त्यांच्या भाषणांना 'टाइम्स'चे वार्ताहर हजर असत, लघुलिपीत शब्द न् शब्द टिपून घेत आणि रात्री विरामचिन्हं घालून, वाक्यं सावरून छापायला देत. १८९९मध्ये जॉन लेन या प्रकाशकाने त्या भाषणांचं पुस्तक काढलं आणि त्यातली काही भाषणं 'टाइम्स'च्या वृत्तांतांवरून घेतली. 'टाइम्स' कोर्टात गेलं. रोझबेरींनी स्वतः कोणताच हक्क सांगितला नाही. १९००मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की भाषण जरी रोझबेरींचं असलं तरी त्याचा वृत्तांत वार्ताहरांच्या कौशल्यातून उतरला आहे आणि त्यावर हक्क वृत्तपत्राचा आहे. वक्त्याच्या तोंडचे शब्द, पण कागदावरची मालकी दुसऱ्याची!

हा निकाल ऐकून आजही पुष्कळांना चीड येते. माझ्या मते त्यात कष्टाची कदर बरोबर झाली, पण बोलणाऱ्याची बाजू उघडी राहिली. आपल्या १९५७च्या कायद्यात ती बाजू नंतर सावरली गेली. कलम १७मधल्या तरतुदीनुसार जाहीर भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा असतो. गावच्या वाचनालयात तुम्ही व्याख्यान दिलंत, तर ते पुस्तकात छापायला तुम्हाला कोणाची आडकाठी नाही. मात्र वार्ताहराने त्याचा जो सारांश लिहिला, तो तुमचं भाषण नव्हे. आणि घरी सोफ्यावर बसून दिलेली मुलाखत तर जाहीर भाषणही नव्हे. तिथे तुमची उत्तरं आणि त्याचे प्रश्न, तुमचं बोलणं आणि त्याची निवड एकमेकांत इतकी मिसळलेली असते की वेगळं काढायला गेलं तर भांडणच होईल. म्हणून मुलाखत देणाऱ्यांना माझा सल्ला असतो, की आपलाही फोन टेबलावर रेकॉर्डिंगला ठेवा, समोरच्याला सांगून ठेवा. स्वतःची उत्तरं स्वतःपाशी राहतात आणि पुढे ती आपल्या पद्धतीने वापरता येतात.

फोटोच्या बाबतीत मात्र गैरसमज जास्त आणि नुकसानही जास्त.

सांगलीकडच्या कुस्तीच्या मैदानांवर फोटो काढणारा एक मुक्त छायाचित्रकार माझ्या ओळखीचा आहे. दुपारी तीनला तो हौदाच्या कडेला मांडी घालून बसतो ते रात्रीची शेवटची निकाली कुस्ती होईपर्यंत. लाल माती उडून लेन्सवर बसते, ती तो शर्टाच्या आतल्या बाजूने पुसतो. ढाक हा डाव लागतो तो क्षण डोळ्याला दिसेपर्यंत निघून गेलेला असतो. पैलवानाचा खांदा किंचित खाली गेला की ढाक येणार, हे ओळखून बटण आधीच दाबावं लागतं. असा एक फोटो त्याला साधला. जिल्हा आवृत्तीत तो छापून आला, त्याचे त्याला ठरलेले किरकोळ पैसे मिळाले. पुढच्या महिन्यात तोच फोटो एका जिमच्या फ्लेक्सवर चौकात उभा होता, वीस फुटी, खालचं त्याचं नाव कापून. जिम त्या पैलवानाचीच होती. पैलवानाचं म्हणणं साधं होतं, "फोटोत मीच आहे की." छायाचित्रकाराला पैसेही हवे होते आणि नावही. दोन्ही मागताना त्याला संकोच वाटत नव्हता आणि वाटूही नये. नाव कापणं ही तर पैशापलीकडची गोष्ट आहे. कृती आपली आहे असं सांगण्याचा निर्मात्याचा हक्क कलम ५७ने वेगळा राखून ठेवला आहे, तो कॉपीराइट विकला तरी जात नाही.

तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतलात, लग्नात किंवा स्टुडिओत, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिली मालकी तुमची, असं कलम १७ म्हणतं. वृत्तपत्रासाठी काढलेल्या फोटोला ते लागू नाही. आणि उलट बाजूही लक्षात ठेवावी. फोटो छायाचित्रकाराचा असला तरी त्यातला चेहरा त्याचा नसतो. २०२२मध्ये अमिताभ बच्चन, २०२३मध्ये अनिल कपूर आपल्या नावाचा आणि चेहऱ्याचा परवानगीशिवाय होणारा वापर थांबवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेले, २०२५मध्ये आशा भोसले यांनी मुंबई उच्च न्यायालयातून आपल्या नावाला आणि आवाजाला संरक्षण मिळवलं. म्हणजे जाहिरातीसाठी तुमचा चेहरा विकायचा तर तुमची संमती हवी आणि तुम्हाला तो फोटो जाहिरातीत हवा असेल तर छायाचित्रकाराची. त्या पैलवानाला आणि त्या छायाचित्रकाराला एकमेकांशिवाय पुढे जाता येत नाही, आणि हे मला न्याय्य वाटतं.

याला एक अपवाद माझ्या मनात आहे, कायद्यात तो असो वा नसो. २०१९मध्ये न्यूयॉर्कमध्ये अभिनेत्री आणि मॉडेल एमिली रॅटाकोव्स्की फुलांच्या दुकानातून बाहेर पडत होती. पाळतीवर असलेल्या छायाचित्रकाराने तिला टिपलं. तिने हातातल्या फुलांनी चेहरा झाकून घेतला होता. तो फोटो तिने आपल्या इन्स्टाग्रामवर टाकला आणि छायाचित्रकाराने तिच्यावर दावा लावला. तिचा बचाव असा, की पाठलाग करणाऱ्यांबद्दलची माझी टिप्पणी म्हणून मी तो टाकला. प्रकरण अखेर आपसात मिटलं. इथे माझी सहानुभूती पूर्णपणे तिच्याकडे आहे. जिने चेहरा लपवला तिच्याकडून त्या लपवण्याचे पैसे मागणं मला अनैतिक वाटतं. पण मिसळवाला, पैलवान, बेकरीवाली आणि मुलाखत देणारा लेखक यांचा कोणी पाठलाग केलेला नसतो. त्यांनी बातमीला दार उघडलेलं असतं, बहुतेकदा आनंदाने. त्यांच्या हक्काचं वजन वेगळं.

समजा, एखाद्याने विचारायचं ठरवलं. कोणाला विचारणार? 'अर्थात वृत्तपत्राला' असं उत्तर येतं आणि ते अर्धंच खरं आहे. आपल्या कायद्यातलं कलम १७ (अ) मी पत्रकारांच्या बैठकीत जेव्हा जेव्हा वाचून दाखवलं, तेव्हा बहुतेकांना ते नवीन होतं. नोकरीतल्या पत्रकाराने वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक वृत्तपत्राचा मालक असतो, पण तो वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता. इतर सर्व बाबतींत पहिला मालक लिहिणाराच असतो, वेगळा करार झाला नसेल तर. कारखान्यातल्या नोकराला किंवा कंपनीतल्या संगणक अभियंत्याला हे मिळत नाही, त्यांचं सगळं मालकाचं. पत्रकाराला संसदेने इथे मुद्दाम जागा ठेवली आहे. दुकानाचं माहितीपत्रक हे वृत्तपत्र नव्हे. तेव्हा करारात हक्क लिहून दिलेले नसतील तर माहितीपत्रकाच्या परवानगीचा मोबदला त्या वार्ताहराला मिळायला हवा.

पण करार असतो. नेमणुकीच्या पत्रात बारीक अक्षरात 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क' असं एक कलम घालून ती जागा बुजवली जाते, आणि चोवीस वर्षांचा मुलगा पहिल्या नोकरीच्या आनंदात खाली सही करतो. तालुक्याच्या स्ट्रिंगरकडे तर बहुतेकदा कागदच नसतो, म्हणजे नोकरी नाही, पगार नाही आणि कराराने काढून घेतलेला हक्कही नाही. त्याने पाठवलेल्या मजकुरावर त्याचा स्वतःचा हक्क शाबूत असण्याची शक्यता शहरातल्या उपसंपादकापेक्षा जास्त आहे. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.

आता कायद्यात मुभा कितपत आहे ते पाहू. कलम ५२मध्ये न्याय्य वापराची यादी आहे, त्यात खाजगी वापर आणि संशोधन आहे, टीका आणि परीक्षण आहे, चालू घडामोडींचं वार्तांकन आहे. स्वतःची जाहिरात त्यात नाही. घरातली कात्रणवही चालते. विकत घेतलेल्या अंकाचं पान फ्रेम करून दुकानात लावलं तर माझ्या मते त्यात वावगं काही नाही, कारण नवी प्रत निघालेली नाही. कात्रीने एका अंकाचं एक कात्रण व्हायचं. स्क्रीनशॉटने हजार प्रती होतात, आणि हा सगळा वाद त्या फरकातून उभा राहिला आहे.

पण एखादी ओळ उचलली तर? मराठी नाटकांच्या जाहिरातींत समीक्षकाचं एखादं वाक्य अवतरणात घेऊन खाली दैनिकाचं नाव टाकायची जुनी पद्धत आहे, पुस्तकांच्या मलपृष्ठांवरही. ही पद्धत टिकली पाहिजे असं मी म्हणेन, आणि त्यासाठी मला एका अमेरिकन खटल्याचा आधार घ्यावासा वाटतो. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे मासिक वस्तूंच्या चाचण्या करून निकाल छापतं, स्वतः जाहिराती घेत नाही आणि तेव्हा आपल्या निकालांचा जाहिरातीत वापर करू देत नसे. रेजिना नावाच्या व्हॅक्यूम क्लीनरची त्यात स्तुती झाली आणि कंपनीने ती टीव्हीवरच्या जाहिरातीत उद्धृत केली. मासिक कोर्टात गेलं. १९८३मध्ये अपील न्यायालयाने कंपनीला रोखायला नकार दिला. सुमारे २,१०० शब्दांच्या लेखातले २९ शब्द घेतले होते, ते जसेच्या तसे होते, आणि एका चाचणीत आपल्या वस्तूला काय म्हटलं गेलं हे ग्राहकाला सांगण्यात गैर काय, असा न्यायालयाचा रोख होता.

आपल्या कायद्याची यादी अमेरिकेइतकी सैल नाही, तरी न्यायालयांनी क्षुल्लक वापराकडे डोळेझाक केली आहे. 'इंडिया टीव्ही'वर गायिका वसुंधरा दास यांच्या गप्पांचा कार्यक्रम झाला. त्यात त्यांनी स्वतः गायलेल्या गाण्यांच्या काही ओळी गुणगुणल्या आणि पडद्यावर सिनेमांतले तुकडे दिसले. यशराजसह हक्कधारक कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हा वापर इतका किरकोळ ठरवला, की कायद्याने त्याची दखल घेऊ नये. गायिकेने आपल्याबद्दल बोलताना आपलंच गाणं गुणगुणू नये, असं म्हणणारा कायदा माणसाच्या उपयोगाचा नसता. कलावंताने आपल्या परीक्षणातली एक ओळ, नाव देऊन, अर्थ न मोडता वापरणं याच जातीचं आहे, आणि संपादकांनी त्याला हरकत घेऊ नये.

अर्थ न मोडता, हे मात्र अक्षरशः. 'पहिला अंक रेंगाळतो, दुसऱ्यात नाटक जिवंत होतं' असं समीक्षकाने लिहिलेलं असताना जाहिरातीत 'नाटक जिवंत होतं' एवढंच आलं, तर ती चोरी नसेल पण खोटेपणा आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. डॉक्टर आणि वकील यांना तर त्यांच्या व्यवसायाचे नियमच आडवे येतात. शस्त्रक्रियेच्या यशाची बढाई मारायला डॉक्टरला आणि चालवलेल्या खटल्यांच्या बातम्यांतून स्वतःला मिरवायला वकिलाला मनाई आहे. दवाखान्यात बातमीची फ्रेम लावण्याआधी कॉपीराइटपेक्षा तो विचार व्हावा.

अख्खा मजकूर किंवा अख्खी चित्रफीत हवी असेल तेव्हा मात्र परवानगीला पर्याय नाही. अटलांटात १९८१मध्ये घडलेलं प्रकरण आजच्या स्क्रीनशॉटवाल्या प्रत्येकाने वाचण्यासारखं आहे. तिथल्या एका टीव्ही केंद्राने फ्लॉइड ज्युनियर कॉलेजच्या व्यायामाच्या पायवाटेवर छोटी बातमी दाखवली. एक बाई घरी टीव्हीवरच्या बातम्या रेकॉर्ड करायची, ज्यांची बातमी आली त्यांना फोन करायची आणि टेप विकायची. कॉलेजने ती टेप ६५ डॉलरला घेतली. केंद्राने त्या बाईवर दावा लावला. गंमत अशी, की केंद्र स्वतः आपल्या चित्रफिती सात दिवसांत पुसून टाकत असे आणि त्या विकण्याचा धंदाही फारसा करत नसे. तरीही १९८४मध्ये अपील न्यायालयाने केंद्राच्या बाजूने कौल दिला.

निकाल कायद्याला धरून आहे. पण त्या कॉलेजची गरज खरी होती, हे मी विसरू शकत नाही. स्वतःवरची बातमी जपून ठेवायची इच्छा गैर नव्हती, ती पुरवणारं अधिकृत दुकानच नव्हतं. दुकान नसलं की चोरवाट तयार होते. आपल्याकडे २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पेपर टाकणं थांबलं आणि ई-पेपरच्या पीडीएफ ग्रुपांवर वाहू लागल्या. त्या मे महिन्यात जागरण समूहाने टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयातून आदेश मिळवला, की वृत्तपत्राच्या प्रती वाटणारी चॅनेलं काढा आणि चालवणाऱ्यांची माहिती द्या. योग्यच झालं. पण आपल्या बातमीचं एक पान दामदुपटीने का होईना, रीतसर विकत घ्यायचं असलेल्या माणसासाठी त्या वेळी काय होतं, आणि आज काय आहे?

ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांनी १९९६मध्ये एकत्र येऊन परवाने देणारी संस्था काढली. कात्रणांच्या प्रती काढायच्या तर वर्षाचा परवाना घ्या. मार्क्स अँड स्पेन्सर कंपनीने आपल्या आणि आपल्या धंद्याच्या बातम्यांच्या झेरॉक्स कर्मचाऱ्यांत फिरवल्या, तेव्हा या संस्थेने थेट दावा लावला, आणि तोही पानाच्या अक्षरजुळणीवरच्या हक्कासाठी. २००१मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. अक्षरजुळणीचा हक्क अख्ख्या अंकाच्या मांडणीला आहे, एका कात्रणात तिचा महत्त्वाचा भाग येत नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. संस्थेचा अतिरेक तिथे रोखला गेला, पण परवान्याची व्यवस्था चालू राहिली आणि विचारणाऱ्याला दार आहे.

इथे परवानगी मागणाऱ्या माणसाचं काय होतं, ते मी पुरवणीच्या टेबलावर काम करताना पाहिलं आहे. तो आधी जाहिरात विभागाला फोन करतो, तिथून संपादकीयला पाठवला जातो, संपादकीयवाले वितरणाला पाठवतात, आणि शेवटी कोणीतरी आपुलकीने म्हणतं, "अहो वापरा हो, कोण बघतंय!" या उत्तराने सगळ्यांचं नुकसान होतं. वापरणाऱ्याकडे कागद नाही, पत्रकाराला पैसे नाहीत आणि उद्या व्यवस्थापन बदललं, वकिलाची नोटीस आली तर तोंडी होकाराला किंमत नाही. कलम ३०प्रमाणे परवाना लेखी हवा. २०१२च्या दुरुस्तीने सहीची अट काढली, त्यामुळे दोन ओळींचा मेलही पुरावा. कॉपीराइट मोडला तर कलम ६३मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. स्वतःच्या कौतुकाची बातमी फ्लेक्सवर लावणाऱ्या बेकरीवालीच्या डोक्यावर अजामीनपात्र गुन्ह्याची टांगती तलवार ठेवणं मला कदापि मान्य नाही. हे प्रकरण दिवाणी असावं, भरपाईने मिटावं.

आणि वृत्तपत्रांनी हक्क सांगायचा तर स्वतःचे हात स्वच्छ ठेवले पाहिजेत. अपघातात गेलेल्या मुलाचा फोटो त्याच्या फेसबुकवरून उचलायचा आणि खाली 'छायाचित्र : इंटरनेटवरून साभार' छापायचं, हे कोणत्या न्याय्य वापरात बसतं? इंटरनेट नावाचा कोणी छायाचित्रकार नाही. संस्थेने पाठवलेलं प्रसिद्धीपत्रक शब्दशः छापून त्यावर 'विशेष प्रतिनिधी' लावणाऱ्या दैनिकाने त्याच संस्थेला ते पान वापरल्याबद्दल बोल लावू नये.

याहून गंभीर मुद्दा विश्वासाचा आहे. दुकानदाराला पेपरातलं पान का हवं असतं? त्याच्याच शब्दांत लिहिलेलं पत्रक त्यापेक्षा स्वस्त आणि रंगीत होईल. पान हवं असतं कारण कोणा तिसऱ्याने, पैसे न घेता, पाहून लिहिलं आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं. तो विश्वास वार्ताहराने आणि त्याच्या आधीच्या पिढ्यांनी कमावलेला असतो, आणि जाहिरात तो उसना घेते. म्हणूनच संपादकाला नाही म्हणण्याचा हक्क असला पाहिजे, पैसे मिळत असले तरी. पण २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण पी. साईनाथ यांनी उघड केलं आणि पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर अहवाल दिला. ज्या पानावर बातमी कोणती आणि जाहिरात कोणती हे वाचकाला कळत नाही, त्या पानाचं कात्रण भिंतीवर लावून उपयोग काय? जे दैनिक 'जाहिरात' हा शब्द बारीक अक्षरात दडवून मजकूर विकतं, त्याने दुकानदाराला पावित्र्याचे धडे देऊ नयेत. आणि पैसे मोजून पान घेणाऱ्याने तरी त्याच दिवशी पुढच्या वापराचे हक्क लिहून घ्यावेत, आणि ते वापरताना ही जाहिरात होती हे लपवू नये.

मराठी दैनिकांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे, की ई-पेपरच्या प्रत्येक पानाखाली वापराच्या अटी मराठीत छापा, एक मेलचा पत्ता द्या आणि त्याला आठवड्यात उत्तर मिळेल याची जबाबदारी एका माणसावर टाका. लहान दुकानदाराला, शाळेला, हौशी नाट्यसंस्थेला नाममात्र दरात पान द्या, मोठ्या कंपनीकडून भरपूर घ्या, आणि जे येईल त्यातला ठरलेला वाटा बातमी लिहिणाऱ्याला आणि फोटो काढणाऱ्याला त्याच महिन्यात द्या. तालुक्याच्या स्ट्रिंगरला यातून वर्षाला चार पैसे मिळाले तर तो पुढची बातमी अधिक जीव लावून करेल.

आणि वाचकहो, तुमच्याबद्दल छापून येईल तेव्हा जरूर आनंद करा, अंकाच्या दहा प्रती विकत घ्या, दैनिकाने स्वतः दिलेली लिंक हवी तिथे पाठवा. पण पान छापायचं असेल, जाहिरातीत घालायचं असेल, तर वार्ताहराचा नंबर तुमच्या फोनमध्ये असतोच. त्याला विचारा, त्याच्या संपादकाला दोन ओळींचा मेल टाका, फोटोखालचं नाव कापू नका, आणि लेखी उत्तर येईपर्यंत फ्लेक्स छापायला देऊ नका.